लाल चिठ्ठीचा पिंजरा

“काटा बिघडलाय का हो मामा?”

मेहरीन मॅडमनी हे पुन्हा विचारलं तेव्हा कोंडीरामच्या हातात एक पांढरा उंदीर होता. उंदीर असा टुणटुणीत, की शेपटीला धरलेलं असूनही अंग वळवून कोंडीरामच्या मनगटावर चढायला बघत होता. कोंडीरामनं त्याला काट्यावरच्या डब्यात सोडलं. मॅडमनी आकडा बघितला, लिहून घेतला आणि पेनाचं टोपण चावत बसल्या.

“काटा कशाला बिघडंल? सकाळीच वजनं ठिवून बघितला की आपन.”

“मग हे उंदीर वाळत का नाहीत?”

“न्हाई वाळत तर बरंच हाय की! लाल चिठ्ठी लावली म्हनून काय त्यांनी मेलंच पायजे व्हय?”

एरवी मॅडम हसल्या असत्या. कोंडीराम असलं काही बोलला की त्या हटकून हसायच्या, आणि त्यांनी हसावं म्हणून तोही मुद्दाम बोलायचा. आज त्यांनी नुसता पुढच्या उंदरासाठी हात पुढे केला. शेवटचा उंदीर पिंजऱ्यात परत गेला तशा त्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, “शनिवारी गुगळे सर बघायला येणारेत. काय दाखवू मी त्यांना?”

कोंडीरामला हे कोडंच वाटलं. उंदीर धडधाकट आहेत, ते दाखवायचे. त्यात तोंड पाडायसारखं काय आहे?

कोंडीराम हा नगर शहराबाहेर माळावर जे फार्मसी कॉलेज होतं तिथला प्राण्यांच्या खोलीचा माणूस. कागदोपत्री त्या खोलीचं नाव प्राणीगृह, पण प्राचार्यांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला उंदीरखानाच म्हणायचे. पिंजरे धुणं, अकोले तालुक्यातून पोत्यांनी येणारं भाताचं तूस त्यात अंथरणं, दाणागोळ्या घालणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं हेच. उंदरांचा वास मोठा चिवट असतो. कोंडीराम अंग घासघासून आंघोळ करायचा, तरी संध्याकाळी भिंगारला जाणाऱ्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा आपोआप रिकामी व्हायची. कँटीनमध्ये बाकीचे शिपाई ‘या मामा’ म्हणायचे, पण सरकून जागा कुणी करायचं नाही. लहानपणी गावात लोक अंग चोरून दूर सरायचे, त्याचं कारण वेगळं होतं. ह्याला निदान साबण तरी लावता येतो, असं म्हणून तो स्वतःशीच हसायचा. हसायला दुसरं कुणी नव्हतंच म्हणा.

बायको भागिरथी जाऊन चार पावसाळे झाले होते. मुलगा प्रशांत चिंचवडला कंपनीत. तो भला, सून भली, पण भली माणसं लांब असली की त्यांचा भलेपणा पत्रात आणि दिवाळीत तेवढा दिसतो.

भागिरथीच्या छातीत गाठ निघाली होती. पुण्याला ऑपरेशन झालं आणि मग ते लाल औषध सुरू झालं. बाटलीतून नळीत, नळीतून शिरेत थेंबथेंब उतरणारं, लालभडक. वॉर्डातल्या बायका त्याला ‘लाल पानी’ म्हणायच्या आणि ज्या दिवशी ते असेल त्या दिवशी सकाळपासून गप्प व्हायच्या. भागिरथीचे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि खरं सांगायचं तर गाठही गेली. डॉक्टर म्हणाले, बाई जिंकल्या. मग महिन्या-दोन महिन्यांत बाईला उंबरा चढताना दम लागायला लागला, पाय सुजले. पुन्हा पुण्याला नेलं, तर म्हणाले, औषधानं हृदय थकलंय. बायकांच्या वॉर्डात पुरुषमाणसाला थांबू देत नसत. कोंडीराम बाहेर व्हरांड्यात चादर टाकून पडला होता, आणि सकाळी आयाबाईनं येऊन सांगितलं तेव्हा तो उठून आधी चादरीची घडी घालत बसला. “गाठीनं न्हाई हो मारलं तिला,” तो नंतर भेटेल त्याला सांगायचा, “औषदानं मारलं.” लोक ‘च्च’ म्हणायचे आणि पुढे जायचे.

असं सगळं असताना मेहरीन मॅडम उंदीरखान्यात आल्या. भिंगारच्याच, बाजारात अंड्यांचं दुकान असलेल्या कमरुद्दीनभाईंची मुलगी. शिकली, कॉलेजात शिकवायला लागली आणि डॉक्टरेटसाठी तिनं नेमकं तेच लाल औषध घेतलं. पहिल्या दिवशी तिच्या हातात ती लाल कुपी बघून कोंडीरामनं हातातली बादली खाली ठेवली. त्यानं विचारलं, “हे कशाला आनलंय हितं?” मॅडमनी बादली उपडी केली, तिच्यावर बसल्या आणि सांगायला लागल्या. कॉलेजात शिकलेलं कुणी त्याच्यासमोर असं बसून काही सांगायची ती पहिलीच वेळ.

“औषध वाईट नाही मामा. ते गाठ मारतंच. पण ते मोकळं सुटतं ना, त्याला आपलं-परकं कळत नाही. गाठीलाही मारतं, हृदयालाही मारतं. म्हणून मी त्याला पिशवीत घालणार आहे.”

“पिशवीत?”

“इवलीशी पिशवी. केसाची जाडी घ्या आणि तिचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीला एक तेलकट पापुद्रा असतो, तसलाच पापुद्रा मी बनवते, अंड्याच्या बलकातून. निसर्गाचीच नक्कल. शरीराला वाटतं, हा आपल्यातलाच कुणी चाललाय, जाऊ द्या. हृदयाकडच्या शिरा घट्ट विणीच्या, तिथून ती पिशवी बाहेर पडत नाही. गाठीतल्या शिरा घाईघाईत वाढलेल्या, फटी असलेल्या. तिथं ती झिरपते.”

कोंडीरामचं गाव प्रवरेच्या पाटावर. तो म्हणाला, “म्हंजी पाटाला जितं भेग पडलीया तितंच पानी मुरायचं.”

“अगदी तसंच!” मॅडम म्हणाल्या, आणि कोंडीरामला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

मग काम सुरू झालं. मॅडमच्या घरूनच अंडी यायची. बलकातून स्निग्ध भाग काढायचा, तो काचेच्या गोल चंबूत फिरवत फिरवत वाळवायचा, की आतून पातळ साय धरते. तिच्यावर औषधाचं पाणी घालून हलवलं की साय सुटून तिच्या त्या अदृश्य पिशव्या होतात. साधं औषध नितळ लाल दिसायचं आणि मॅडमचं, दुधात गुलाबाचं सरबत घातल्यासारखं. पुढे उंदरांचे तीन पिंजरे केले. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्याला साधं औषध, निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्याला पिशवीतलं, पांढऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. आठवड्याला एक इंजेक्शन. उंदराची शेपटी कोमट पाण्यात धरून शीर वर आणायची, ती कोंडीरामनं. सुई टोचायची, ती मॅडमनी. आणि मग रोज वजन.

आता बलक गेला तरी अंड्याचा पांढरा उरतोच. टाकायचा कसा? मॅडम तो डब्यात भरून कोंडीरामला द्यायच्या. “मामा, घरी न्या, उकडून खा, एकटे असता.” कोंडीराम न्यायचा, उकडायचा, मीठ लावून खायचा. पण एकट्या माणसानं किती पांढरा खावा? एक दिवस डबा घेऊन तो सकाळी परत आला आणि लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यापाशी थबकला. सुई टोचून दोनच दिवस झाले होते. उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसलेले, केस विस्कटलेले, दाणागोळीला तोंड लावेनात. ती बसण्याची तऱ्हा कोंडीरामनं बघितलेली होती. भागिरथी कॉटवर अशीच बसायची, गुडघे पोटाशी घेऊन.

त्यानं उकडलेल्या पांढऱ्याचा बारीक चुरा केला, त्यात गुळाचा खडा कुस्करला आणि आत टाकला. उंदीर आधी नुसते हुंगत बसले. मग एकानं पुढचे दोन पाय उचलले आणि चुरा हातात घेतल्यासारखा धरून खाल्ला.

तिथून ते रोजचंच झालं. मॅडम यायच्या आधी, डब्याच्या झाकणात. यात काही लबाडी आहे असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. पांढरा त्याचा, गूळ त्याचा, भूक उंदरांची. निळ्या चिठ्ठीवाल्यांना मात्र तो देत नसे. त्यांच्या पाठीशी मॅडमचं औषध होतं की! ज्याला कुणी नाही त्याला आपण. लालवाले त्याच्या वहाणांचा आवाज आला की जाळीला येऊन लोंबकळायचे, आणि तो म्हणायचा, “आलो रं, आलो. किती ती घाई!” दिवसाकाठी त्याची वाट बघणारं जगात तेवढंच कुणी होतं.

शनिवारी गुगळे सर आले. विभागाचे प्रमुख, बोलायला तिखट, पण मनाचे खोटे नव्हेत. त्यांनी तिन्ही पिंजरे बघितले, वजनांचे आलेख बघितले, चष्मा कपाळावर चढवला.

“फरक कुठाय मेहरीन? लाल आणि निळा, दोन्ही सारखेच. उलट निळ्यातला एक मेलाय. साध्या औषधानं ज्यांनी खंगायला हवं ते तर लग्नाला निघाल्यासारखे दिसतायत.”

“सर, अजून एकदा करून बघते ना.”

“पुन्हा पुन्हा करायला उंदीर काय बाभळीला लागतात? तुझ्या पिशव्या वाटेतच फुटत असणार. सोड हा विषय. गोळ्यांच्या वेष्टनावर काम घे, दोन वर्षांत डॉक्टर होशील.”

सर गेले. मॅडम उपड्या बादलीवर बसल्या. रडत नव्हत्या, पण रडल्या असत्या तर बरं असं त्यांचं तोंड झालं होतं. कोंडीरामनं कँटीनमधून चहा आणला.

“घ्या. उंदीर चांगले हायेत तर सर का वरडले, त्येच मला उमजंना.”

“चांगले आहेत म्हणूनच तर!” मॅडम म्हणाल्या. “मामा, सगळा खेळ लालवाल्यांवर होता. मामींचं जसं झालं, तसं त्यांचं व्हायला हवं होतं.”

“व्हायला हवं हुतं?”

“हो ना. त्याशिवाय कसं कळणार, की निळ्यांना पिशवीनं वाचवलं? साधं औषध कुणाचं काही बिघडवतच नसेल, तर माझ्या पिशवीचा उपयोग काय? सर म्हणतात ते बरोबर आहे. माझंच काहीतरी चुकलंय.”

कोंडीरामनं आपला कप खाली ठेवला. समोर लालवाले त्याच्याकडे बघत जाळीला लोंबकळत होते, जाडेजुडे, गुलाबी नाकांचे. त्याच्या मनात एकदम लख्ख झालं. ह्यांना मी जगवलं. आणि ह्यांना जगवून मी ते औषधच मारलं. भागिरथीसारख्या किती बाया आत्ता कुठंकुठं कॉटवर बसल्या असतील, त्यांच्यापर्यंत जे जायचं होतं ते ह्या खोलीत, माझ्या डब्याच्या झाकणात अडलं.

तोंड उघडून सांगायला हवं होतं. पण तो गप्प राहिला. नोकरी जाईल ही भीती नव्हती. निवृत्ती जवळच आली होती, जाईल तर जाईल. भीती वेगळीच होती. ह्या मुलीशिवाय त्याच्याशी जगात कुणी बसून बोलत नव्हतं. सांगितलं, की तीही उठून जाणार. एवढीशी गोष्ट, पण एकट्या माणसाची सगळी पुंजी तेवढीच असते.

दुसऱ्या दिवशी रविवार. भिंगारला छावणीतला बिगुल सकाळी सकाळी वाजतो, तेव्हापासून तो उठून बसला होता. दहाच्या सुमाराला तो एसटीडी बूथवर गेला आणि प्रशांतच्या घरमालकाकडे फोन लावला. बऱ्याच वेळानं प्रशांत आला.

“काय झालं बाबा? बरं आहे ना?”

“बरं हाय. इचारायचं हुतं एक. समज, आपल्या हातनं चांगलं करता करता...”

“बाबा, आवाज नीट येत नाहीये. इथे मॅच लागलीये, सगळे ओरडतायत. पैसे हवेत का?”

“न्हाई न्हाई. सहज केल्ता. तू बघ मॅच.”

बूथमधून बाहेर पडून तो बाजाराच्या रस्त्याला लागला. पाय मागे ओढत होते, पण चालले होते. कमरुद्दीनभाईंच्या दुकानात अंड्यांचे ट्रे छतापर्यंत रचलेले, आणि रविवारची मेहरीन मॅडम गल्ल्यावर बसलेली. कमरुद्दीनभाईंनी त्याला बघून स्टूल पुसलं.

“या या कोंडीरामभाऊ. बसा, चहा सांगतो. बघा हिला, कालपासून धड जेवली नाही. काय केलं हो तुमच्या उंदरांनी?”

“उंदरांनी न्हाई केलं, भाई. मी केलं.” कोंडीराम बसला नाही. “मॅडम, लालवाले वाळले न्हाईत त्ये माज्यामुळं. त्यांना मी खाऊ घालत हुतो. तुमी द्यायच्या त्यो पांढरा आन् गूळ.”

मॅडमनी हातातली चिल्लर गल्ल्यात टाकली. “कधीपासून?”

“पयल्या सुईपासनं.”

“रोज?”

“रोज.”

“फक्त लालवाल्यांना?”

“व्हय. निळ्यांना तुमचं औषद हुतं की.”

मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. कमरुद्दीनभाईंना वाटलं पोरगी रडतेय, ते लगबगीनं उठले. पण ती हसत होती, आणि हसता हसताच मग खरंच रडायला लागली, आणि रडता रडता चिडली.

“ह्या कामाला दीड वर्षं झाली, मामा! मला वाटलं माझ्यातच काही नाही. सगळी पुस्तकं पुन्हा वाचून काढली मी. आणि तुम्ही... तुम्ही माझ्याच अंड्यांनी...”

“बेटी, हळू. मोठं माणूस आहे.”

“अब्बा, तुम्ही मध्ये पडू नका.”

गिऱ्हाईक आलं, अंडी घेऊन गेलं. कोंडीराम खाली मान घालून उभाच होता. मॅडमनी ओढणीनं डोळे पुसले आणि एकदम शांत आवाजात म्हणाल्या, “म्हणजे माझं औषध चुकलं नाही.”

“न्हाई चुकलं.”

“पुन्हा करावं लागेल. पुन्हा म्हणजे काय ते कळतंय ना तुम्हाला? नवे उंदीर. नवी लाल चिठ्ठी. आणि त्यांना वाळू द्यायचं. तुम्हाला नाही जमायचं ते. मी सरांना सांगून तुम्हाला स्टोअरमध्ये घालते.”

“नका घालू.”

“का?”

कोंडीरामला नीट सांगता येईना. तो म्हणाला, “दुसरा कोनी आला तर त्यो नुसतं मेला का जगला येवढंच बघनार. मी हात न्हाई लावनार, मॅडम. तुमची शपत. पर मला तितं असू द्या.”

“एकदा जरी हात लागला तर स्टोअर,” मॅडम म्हणाल्या. कमरुद्दीनभाईंनी मागवलेला चहा आला, तो त्यानं उभ्यानंच प्यायला.

सोमवारी तो स्वतःच गुगळे सरांपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं. सर आधी अवाक झाले. “म्हणजे इतके दिवस आम्ही औषधाचा नाही, तुमच्या स्वयंपाकाचा अभ्यास करत होतो!” मग चांगलं झापलं, अर्धा तास. शेवटी उंदीर मागवायच्या कागदावर सही केली.

नवे उंदीर आले. पुन्हा तीन पिंजरे, तीन चिठ्ठ्या. आता दाणागोळ्या मॅडम स्वतः तोलून घालायच्या. अंड्याच्या पांढऱ्याचा डबा परस्पर कँटीनला जायचा. मॅडम वागायला नीटच होत्या, ‘मामा, हे धरा, मामा, ते द्या’ सगळं होतं. पण बादली आता सरळ असायची, आणि तिच्यात पाणी असायचं. चहा कोंडीराम एकटाच प्यायचा.

ह्या खेपेच्या उंदरांना त्याची काही माहितीच नव्हती. वहाणांचा आवाज आला तरी कुणी जाळीकडे यायचं नाही. त्यानंही बोलणं टाकलं होतं. बोललं की जीव लागतो, आणि जीव लागला की हात खिशाकडे जातो, हे त्याला स्वतःचं पुरतं ठाऊक होतं. पहिल्याच सुईनंतर लालवाले कोपरा धरून बसायला लागले. चौथीनंतर केस पिंजारले, पाठीचं हाड वर आलं. निळेवाले शेजारीच तुसात बोगदे करत होते, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. कोंडीराम लालवाल्यांचं तूस बदलायचा, बाटली धुऊन ताजं पाणी भरायचा आणि मग हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा राहायचा. एक दिवस घरून निघताना न कळत गुळाचा खडा खिशात आला. कॉलेजच्या फाटकापाशी बोटांना लागला. त्यानं तो तिथंच मुंग्यांना टाकला आणि आत जाण्याआधी नळावर हात धुतले, दोनदा.

लालवाल्यांतला एक गेला, मग दुसरा. कोंडीराम मेलेला उंदीर तळहातावर घेऊन मॅडमकडे न्यायचा. त्या वेळ लिहून घ्यायच्या. दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत.

शेवटच्या वजनाच्या दिवशी मॅडम आकडे मांडत होत्या आणि मांडता मांडता त्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

“मामा, फरक पडला,” त्या म्हणाल्या. “केवढा मोठा फरक! बघा, निळेवाले पांढऱ्यांच्या बरोबरीनं चाललेत. पिशवी फुटत नाही मामा, ती जाते, ती नेमकी जाते!” त्यांनी कोंडीरामचा हात धरला होता, आणि आपण धरलाय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मग त्यांची नजर लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्याकडे गेली आणि आवाज उतरला.

कोंडीरामनं विचारलं, “मॅडम, हे तवा आसतं, तर भागिरथी?”

मेहरीन मॅडमना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, “माहीत नाही मामा. माणूस म्हणजे उंदीर नाही. पण वाचली असती कदाचित.”

“आन् मानसांना कवा मिळंल?”

“परदेशात असलं एक औषध नुकतंच आलंय. आपल्याकडे यायला वर्षं जातील.”

“आल्यावर जनरल वॉर्डात मिळंल?”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. त्यांनी कागद गोळा केले. सरांना दाखवायचे होते, सर थांबले होते. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

“उद्या सकाळी सगळ्यांची हृदयं काढून तपासायचीत. वजनं आता संपली.” त्यांनी कागद काखेत धरले. “आता लालवाल्यांना काही द्यायचं असेल, तर द्या मामा. आता चालेल.”

“आता त्ये खात न्हाईत, मॅडम.”

बाहेरून गुगळे सरांची हाक आली, तशा मॅडम गेल्या. कॉरिडॉरमधून त्यांचा आवाज ऐकू येत होता, भराभरा सांगणारा, आनंदाचा. तो आनंद खराच होता आणि कोंडीरामलाही तो झाला होता. झाला नाही असं कसं म्हणावं? ज्यासाठी एवढं केलं ते हाती लागलं होतं. पण आनंद सांगायला माणूस लागतं.

पाचची बस माळावरून गेली. खिडकीतून तिरपं ऊन पिंजऱ्यांवर आलं होतं. कोंडीरामनं स्टूल ओढलं आणि लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यापाशी बसला. आतले दोघं एकमेकांना चिकटून निजले होते. तिसरा जागा होता. त्याला उठायला वेळ लागला. दोन पावलं टाकली, थांबला, पुन्हा दोन पावलं टाकली आणि जाळीपाशी आला. का आला कुणास ठाऊक. ह्या माणसानं त्याला कधी काही दिलेलं नव्हतं.

कोंडीरामनं जाळीला बोट लावलं. उंदरानं ते हुंगलं. बोटाला गुळाचा वास नव्हता, चव नव्हती. तरी त्यानं पुढचे दोन पाय जाळीवर टेकले आणि हळूहळू आपलं डोकं, होतं नव्हतं तेवढं वजन घेऊन, त्या बोटावर ठेवलं.

“मी हाय,” कोंडीराम म्हणाला. “हितंच हाय मी.”

पुढची बस सहाला होती. ती आली, फाटकापाशी थांबली, हॉर्न वाजवून गेली. कोंडीरामनं बोट काढलं नाही.